पोचा काढू नका

मी भोंगा बोलतोय. हसू नका. जन्मभर दुसऱ्याचं बोललो, आज पहिल्यांदा स्वतःचं बोलतोय, आणि तेही घाईघाईने. समोरच्या चहाच्या दुकानात पत्रेवाला बसलाय. त्याची गोल तोंडाची हातोडी माझ्या शेजारीच फळीवर आहे. तो चहा संपवून आला की माझ्या अंगावरचा पोचा जाणार. तो का जाऊ नये, एवढंच मला सांगायचंय. तुम्ही बाजारात आलाच आहात, तर घटकाभर थांबा.

हाँगकाँगच्या काउलून भागातल्या या जुन्या बाजारात माझी सध्याची मालकीण बिन मावशी. बाई वाईट नाही. काल एक तरणाबांड गिऱ्हाईक आलं. त्याला नव्या कॉफीच्या दुकानात मला उलटं टांगायचंय आणि पोटात दिवा लावायचाय. म्हणाला, मावशी, बाकी झकास आहे, पण हा खड्डा वाईट दिसतो. मावशी म्हणाली, उद्या गुळगुळीत करून देते. धंदा आहे, तिला दोष देत नाही. गिऱ्हाईकाला हवं ते द्यावं. पण खड्ड्यात काय पुरलंय ते ना त्याला ठाऊक, ना तिला.

माझा जन्म चीनमधल्या कँटनचा, नदीकाठच्या गल्लीतला. मूळचा मी रॉकेलचा डबा. आत डोकावाल तर निळ्या रंगाचा पुसट ठिपका अजून दिसेल. एका म्हाताऱ्या कारागिराने मला कापलं, वळवलं, सांध्याला डाग दिला आणि ठोकून ठोकून माणसात आणलं. पत्रा ठोकणाऱ्या सगळ्यांचा हात सारखाच चालतो: दोन हलके, एक भारी. दोन हलके, एक भारी. माझ्या कानावर पडलेली पहिली भाषा ती.

मला घेतलं एका नाटकमंडळीने. मंडळी होडीतून गावोगाव फिरायची. धक्का आला की काठावर उभं राहून माझ्यातून खेळाची हाळी द्यायची. हे काम होतं मंडळीतल्या ढोलवाल्याच्या तिसऱ्या पोराचं. त्याचं नाव फुंग दिक-सांग. पुढे सगळा हाँगकाँग त्याला 'सामको' म्हणायला लागला, म्हणजे तिसरा दादा. मीही तेच म्हणेन.

त्या मंडळीत नटांना शब्दांआधी ठोके शिकवत. थाळीवर दोन हलके, एक भारी, आणि लगेच पंजा ठेवून नाद गिळायचा: हा 'थांब'चा ठोका. तो पडला की नट असेल तिथे थिजला पाहिजे. पाय उचललेला असेल तर उचललेलाच. मग लांब घरंगळता ठोका येतो, तो 'सुटी'चा. तो ऐकल्याशिवाय जो पाय टेकवेल त्याच्या पोटरीवर वेत. पोरं झोपेतसुद्धा त्या ठोक्याला थिजायची. सामकोचा बाप ठोका द्यायचा आणि सामको शेजारी बसून नखाने माझ्या कडेवर तोच ठोका धरायचा.

मग सिनेमा आला आणि होड्या रिकाम्या झाल्या. सामको मला पाठीला बांधून हाँगकाँगला आला. स्टुडिओत झाडलोट केली, पडदे ओढले, आणि एके दिवशी एक दिग्दर्शक हिरोइनशी भांडून निघून गेला तेव्हा याने पुढे होऊन मला तोंडाला लावलं. कुणी विचारलंच नाही, तू कोण. भोंगा ज्याच्या तोंडाला, तो दिग्दर्शक.

तेव्हापासून हा माणूस थांबला नाही. जपानी लढाईच्या दिवसांत मला तांदळाच्या पोत्यात लपवून खेड्यात नेलं तेवढाच काय तो खंड. लढाई संपली तसा परत आला आणि सिनेमे असे काढायला लागला जसे वाफेवरचे पाव निघतात. आठवड्यात सिनेमा पुरा. शेठने आधी नाव ठरवायचं, मग पोस्टर छापायचं, आणि पोस्टर सुकेपर्यंत सामकोने गोष्ट जुळवायची. रडके सिनेमे काढले, भुतांचे काढले, गाण्यांचे काढले, सुनांचे, पोलिसांचे, तलवारीचे. शंभरी केव्हाच उलटली. किती झाले हे कुणी विचारलं तर म्हणायचा, "बायकोला विचारा, ती धुणं मोजते."

एकदा एकाच सेटवर दोन सिनेमे चालले होते. सकाळी भुताचा, दुपारी लग्नाचा. हिरो बिचारा गोंधळला आणि लग्नाच्या मंडपात सकाळचं रडला. सगळे कपाळाला हात लावून बसले. सामकोने माझ्यातून सांगितलं, "रडतोय ना? राहू दे. लग्नच आहे." लोकांना तेवढाच भाग आवडला.

आमच्याकडे एक रीत आहे. पडद्यावर जो मरतो त्याला शॉट संपताच लाल पाकीट द्यायचं, म्हणजे खोटं मरण खरं होत नाही. मेलेल्याचा फोटो म्हणून कुणाचा फोटो टांगला तर त्यालाही द्यायचं. फोटो द्यायला तयार माणूस शोधत बसायला सामकोला वेळ कुठला? प्रत्येक सिनेमात मेलेल्या बापाच्या जागी तो आपलाच फोटो टांगायचा. लोक कानांवर हात ठेवत. त्याची बायको, सगळ्यांची सामसौ, म्हणजे तिसरी वहिनी, पूर्वी नाटकात गाणारी, तिने एकदा सुनावलं, "एक दिवस यम येईल आणि म्हणेल, चला, तुमचा फोटो सगळीकडे पाहिलाय." सामको म्हणाला, "येऊ दे. त्याला कोपऱ्यात बसवतो, गर्दीच्या सीनला माणूस हवाच असतो."

पत्रेवाल्याने लोण्याचा पाव मागवलाय. बरं झालं.

आता तुम्ही म्हणाल, शूटिंग चालू असताना भोंग्यातून ओरडलं तर आवाज सिनेमात नाही का येणार? बोलपट नवे होते तेव्हा यायचा, आणि मी खुंटीला असायचो. पुढे स्वस्तातला मार्ग निघाला. चित्र मुकं घ्यायचं, आवाज मागून खोलीत बसून चिकटवायचा. मग माझं राज्य सुरू झालं. कॅमेरा फिरतोय आणि सामको ओरडतोय: डावीकडे वळ, पड, ऊठ, अजून मेला नाहीस. तलवारबाजीच्या सिनेमांत लढणारी पोरं जुन्या नाटकशाळांतली होती. त्यांना सामको शब्दांनी कमी आणि नखाच्या ठोक्याने जास्त चालवायचा.

त्यांतला एक आ-हिम. अंगाने काडी, पण मांजरासारखा पडायचा. पाचव्या-सहाव्या वर्षी आईबापांनी नाटकशाळेत सोडलेला. सामकोच्या सिनेमांत तो इतक्या वेळा मेला होता की लाल पाकिटांतून त्याचं लग्न झालं असं लोक म्हणायचे.

आणि मग आवाज गेला.

हळूहळू गेला. आधी सकाळी घोगरा, मग दुपारीही. सामको म्हणायचा, अंगात उष्णता झालीय. सामसौ डब्यातून नासपतीचा काढा आणायची. पण तोंड मला लागायचं, मला कसं फसवणार? आत श्वास यायचा, शब्द यायचा नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? इस्पितळात घशात गाठ आहे म्हणून सांगितलं होतं, लगेच कापायला या म्हणाले होते. तो म्हणाला, हा सिनेमा झाला की येतो. हे ठाऊक होतं फक्त सामसौला आणि मला.

लपवायचं कारण साधं होतं. सिनेमा क्वानशेठचा होता आणि क्वानशेठचं नाक धंद्यात मुरलेलं. परदेशात शिकून आलेल्या एका तरुण दिग्दर्शकाबरोबर तो रोज जेवायला लागला होता. सामकोचा आवाज गेल्याचं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी सिनेमा त्या पोराच्या हातात. आणि सिनेमा हातातून गेला की हा माणूस सकाळी उठून करणार काय? त्याला दुसरं काही येतच नव्हतं. सुटी घेतलेली कुणी पाहिली नव्हती.

शेठला वास आला होताच. एकदा म्हणाला, "सामको, हल्ली फार सभ्य झालात. शिव्या ऐकू येत नाहीत." बॅटरीवर चालणारा एक नवा भोंगाही भेट म्हणून पुढे केला, याच्यात कुजबुजलात तरी डोंगर ऐकेल म्हणाला. सामकोने नकाराची मान हलवली आणि कशीबशी हवा काढून बोलला, "बॅटरीला गळा नसतो." शेठ हसला, पण डोळे हसले नाहीत.

तो दिवस आला. टेकडीवर बांबूचा मनोरा बांधला होता. खलनायक वरून पडतो, मधलं गवताचं छप्पर फोडून जमिनीवर. खलनायकाच्या कपड्यांत आ-हिम. छपराखाली रिकामी पुठ्ठ्याची खोकी रचायची, त्यांवर गाद्या. वरून खोकी दिसत नाहीत, मध्ये छप्पर. उडी विश्वासावर मारायची. सामकोने खूण केली म्हणजे खोकी लागली, हे आ-हिमच्या हाडात बसलेलं.

समुद्राकडून ढग चढत होते. ऊन जायच्या आत शॉट हवा होता. आणि जागा नवी, म्हणजे आधी पूजा. भाजलेलं डुक्कर, फळं, उदबत्त्या, आणि कॅमेऱ्यावर लाल कापड. पूजा होऊन कापड काढल्याशिवाय कुणी कॅमेऱ्याला हात लावत नाही.

पण सामको कसला थांबतोय? कॅमेरा चालवायचा नाही, माणूस वर चढवायला काय हरकत? त्याने आ-हिमला जवळ ओढलं, तोंड कानाला लावलं आणि वाफेच्या आवाजात सांगितलं, "वारा आहे. माझं ऐकू येणार नाही. लाल कापड खाली आलं की उडी." त्याच्या कमरेला काठीला बांधलेला लाल रुमाल खोचलेला होता, त्याच्या मनातलं कापड ते; पण तो रुमाल त्याने आ-हिमला दाखवला नाही. आ-हिमने मान डोलावली आणि चढू लागला.

चूक तिथे झाली. जन्मभर ज्याने कॅमेऱ्यावर लाल कापड घातलं, त्याला त्या दिवशी ते दिसलंच नाही. रोजचा उंबरा कुणाला दिसतो?

खोकी अजून ट्रकमागे होती. माणसं म्हणाली, आधी पूजा होऊ द्या, मग रचू. सगळे टेबलासमोर उभे राहिले, पाठ मनोऱ्याकडे. उदबत्त्या चारी दिशांना दाखवून झाल्या. डुक्कर कापायचा मान दिग्दर्शकाचा, म्हणून सामकोच्या हातात रुंद सुरा दिला. मी त्याच्या खांद्याला लटकत होतो, तोंड वर, म्हणून मला मनोरा दिसत होता. आ-हिम टोकावर पोचला. वाऱ्याने त्याचा खोट्या केसांचा टोप उडत होता. तो खाली बघत होता, कॅमेऱ्याच्या दिशेने.

क्वानशेठने कॅमेऱ्यावरच्या कापडाची दोन्ही टोकं धरली.

मी पत्रा आहे, मला ओरडता येत नाही. सामकोने सहज मागे वळून वर पाहिलं. आणि त्याच क्षणी शेठने "भरभराट होवो" म्हणत कापड खाली ओढलं. टाळ्या वाजल्या. वर आ-हिमने हात पसरले.

सामकोने मला तोंडाला लावलं. त्याची छाती भरलेली मला जाणवली, गळ्याची शीर फुगलेली जाणवली. आत आली ती नुसती ऊब. शब्द नाही. पुन्हा दम लावला. पुन्हा ऊब. शेजारच्यांना काय चाललंय हे कळायला वाव नव्हता, कारण लाल कापडाचा अर्थ दोघांनाच माहीत होता आणि त्यांतला एक पाय उचलून उभा होता.

मग त्याने मला टेबलावर आपटलं आणि सुऱ्याच्या पाठीने मारलं. दोन हलके. एक भारी. असा भारी की माझी कूस आत गेली. आणि पंजा ठेवून नाद गिळला.

मनोऱ्यावर आ-हिम थिजला. एक पाय बांबूवर, एक हवेत, हात पसरलेले, नाटकातल्या सेनापतीसारखा. मनोरा वाऱ्याने डुलत होता आणि तो त्याच्याबरोबर डुलत होता, पण पाय खाली येईना. आता सगळ्यांनी वर पाहिलं. सगळ्यांनी छपराखाली पाहिलं. तिथे दगड होते.

कुणीतरी ओरडलं, खाली उतर. तो उतरेना. सुटीचा ठोका मिळाला नव्हता ना. सामकोच्या हातातून सुरा गळून पडला. सामसौ पुढे आली, काढ्याचा डबा तसाच हातात. तिने एका हाताने त्याचं मनगट धरलं. मग त्याने बोटांच्या पेरांनी माझ्यावर लांब, घरंगळता ठोका दिला. हळू. फार हळू. आ-हिमने पाय मागे घेतला, बांबूवर टेकवला आणि खांबाला मिठी मारली.

तो खाली उतरू लागला. मग क्वानशेठ म्हणाला, "शुभकार्यात पत्रे बडवता? तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

सामकोने तोंड उघडलं. मिटलं. शेठला कळलं.

"कधीपासून?" त्याने विचारलं. सामकोला नाही, सामसौला.

"शेठ," ती म्हणाली, "आवाज होता तेव्हा तुम्ही ऐकत होतात का कधी?"

तेवढ्यात आ-हिम आला. चेहरा पिठासारखा पांढरा. सामकोपुढे उभा राहून त्याने हात पसरला. "माझं लाल पाकीट."

सामकोचा हात खिशाकडे गेला.

"मेलो होतो ना," आ-हिम म्हणाला. "मेलेल्याला देतात. रीत आहे."

सामकोने खिशातून पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी, मान वाकवून दिलं, जसं लहानाने मोठ्याला द्यावं. आ-हिमने ते छातीशी धरलं. म्हणाला, "आता खोकी लावा. मी मारतो उडी. पण ठोक्यावर. कापडबिपड नको."

शेठ माणूस कोरडा, पण व्यवहाराला पक्का. ढगांकडे बघितलं, मनोऱ्याकडे बघितलं. म्हणाला, "हा तुम्ही पुरा करा. पुढचा मी दुसऱ्याला देणार."

सामकोने मान डोलावली, सुरा उचलला आणि डुक्कर कापलं, एका दमात, रीतीप्रमाणे. मग सामसौ त्याच्या तोंडाशी कान नेऊन उभी राहिली आणि पोचा पडलेल्या माझ्यातून, नाटकातल्या त्या जुन्या खणखणीत गळ्याने तिने सगळ्यांना सांगितलं, "सामको म्हणतो, माझा आवाज गेलाय. लपवला, ही चूक झाली. आजपासून ठोक्यावर काम. ज्याला भीती वाटते त्याने खुशाल जावं."

कुणी गेलं नाही. ऊन जायच्या आत उडी झाली. उरलेला सिनेमा माझ्या अंगावर वाजवून झाला. त्यातली लढाई पाहून जुने लोक म्हणाले, अशी लढाई सामकोने आयुष्यात घेतली नव्हती. तो त्याचा शेवटचा सिनेमा. त्याच महिन्यात इस्पितळात घशातली गाठ कापली आणि उरलासुरला आवाजही गेला.

थिएटरात सिनेमा लागला तेव्हा सामको मला मांडीवर घेऊन बसला होता. सगळ्या लढाईत तलवारींचा खणखणाट होता, खोलीत बसून मागून चिकटवलेला. माझा ठोका कुठेच नव्हता. मुक्या चित्राला आवाज कसला? म्हणजे मी जे माझ्या पत्र्याच्या आवाजात बोललो, ते कुठल्याच रिळावर नाही. जे आहे ते या पोच्यात.

पुढची वर्षं घरात गेली. सामको माझ्या कडेवर नखाने बोलायचा. एक ठोका म्हणजे चहा, दोन म्हणजे खिडकी लाव, आणि लांब घरंगळता म्हणजे कटकट पुरे. सामसौही शब्दाला शब्द लावावा तशी ठोक्याला ठोका लावून भांडायची. दोघंही गेली. लेकीने लहान घर घेतलं, तिथे मला जागा नव्हती. बिन मावशीच्या दुकानात आलो. आ-हिमने म्हणे पडणं सोडून हाडं बसवायचा धंदा काढला, याच बाजूच्या कुठल्याशा गल्लीत. जन्मभर स्वतःची मोडली, आता दुसऱ्यांची जोडतोय.

पत्रेवाला आला. हात पुसतोय. मावशी म्हणतेय, नीट कर बाबा, गिऱ्हाईक नाजूक आहे. त्याने मला लोखंडी खुंट्यावर चढवलं. पोचा चाचपला. हातोडी उचलली. आधी पत्रा किती कडक ते बघायला तो नुसता ठोकून पाहतोय, सगळे पत्रेवाले ठोकतात तसा.

दोन हलके. एक भारी. आणि मी डुगडुगू नये म्हणून वर पंजा.

समोरून पालेभाजीची पिशवी घेऊन एक म्हातारा चालला होता. काडीसारखा. तो गर्दीच्या मधोमध थांबलाय. लोक त्याला धक्के देत, पुटपुटत पुढे जातायत. त्याचा एक पाय हवेत आहे.

तो पाय खाली येत नाही. येणार नाही. सुटीचा ठोका या पत्रेवाल्याला येत नाही.

बिन मावशी, दिवा दुसऱ्या कशात लावा. हातोडी खाली ठेवा, आणि मला त्या म्हाताऱ्याजवळ न्या. त्याला सुटीचा ठोका येतो. बोटाच्या पेरांनी तो माझ्यावर स्वतःच देईल.